अप्पांची बाग आणि बर्कलीचा हिशेब

प्रश्न

ताई,

मी २८ वर्षांची आहे. गाव तासगाव तालुक्यात, नोकरी बंगळुरूत, सॉफ्टवेअर सिक्युरिटीची. गेल्या वर्षी कंपनीच्या कामानिमित्त तीन महिने कॅलिफोर्नियात होते. तेव्हा तर्कशुद्ध विचार कसा करावा हे शिकवणाऱ्या एका संस्थेची चार दिवसांची कार्यशाळा केली. खूप शिकले, पण येताना डोक्यावर एक ओझं घेऊन आले. तिथल्या बहुतेकांच्या मते आज जगापुढचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या हाताबाहेर जाण्याचा. आपला पैसा आणि आयुष्य तिथेच घालणं हिशेबाने योग्य ठरतं, असं ते आकड्यांनिशी मांडतात.

मी दरमहा आठ हजार रुपये गावातल्या चार मुलींच्या कॉलेजच्या खर्चाला देते. ते थांबवून तिकडे वळवावेत असं मी घरी बोलले. अप्पा म्हणाले, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं प्यायला पाणी नाही आणि तू यंत्राच्या भुताला नवस बोलतेस.” २०१६ च्या दुष्काळात अप्पांनी दोन एकर द्राक्षबाग डोळ्यांदेखत सोडून दिली आणि एक एकर टँकरने जगवली. ते मी पाहिलंय, त्यामुळे त्यांना उलट बोलवत नाही. पण तिकडच्या हिशेबातही मला चूक सापडत नाही. कोणता प्रश्न मोठा हे या संस्था ठरवतात तरी कसं? आणि मी काय करू?

मैत्रेयी (नाव बदललं आहे)

उत्तर

प्रिय मैत्रेयी,

‘हिशेबात चूक सापडत नाही’ या तुझ्या वाक्यापाशी मी थांबले. बँकेत मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्जप्रस्ताव तपासण्यात. बेरीज चुकलेला प्रस्ताव माझ्या टेबलावर फार क्वचित आला. जी कर्जं पुढे बुडाली त्यांच्याही बेरजा बिनचूक होत्या. घोळ असायचा तो पहिल्या पानावर, जिथे माल किती खपेल, भाव काय मिळेल, पाऊस किती होईल हे ‘गृहीत’ म्हणून लिहिलेलं असतं. शेवटच्या पानावरचा आकडा बघण्याआधी पहिलं पान उघडायचं, हे मला माझ्या पहिल्या मॅनेजरांनी शिकवलं. तू आणलेल्या हिशेबाचंही आपण तेच करू.

तू संस्थेचं नाव लिहिलेलं नाहीस, ते ठीकच. या क्षेत्रात ज्या संस्थेचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ती कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची ‘सेंटर फॉर अप्लाइड रॅशनॅलिटी’. तिचीच गोष्ट सांगते, म्हणजे पहिल्या पानावर काय आहे ते दिसेल. २००० साली एलिएझर युडकोवस्की यांनी ‘सिंग्युलॅरिटी इन्स्टिट्यूट’ सुरू केली. माणसापेक्षा हुशार यंत्र घडवायचं, असा सुरुवातीचा बेत होता. काही वर्षांतच त्यांचं मत पालटलं. असं यंत्र घडलं आणि त्याला जे हवं ते आपल्या भल्याचं नसलं तर काय, ही काळजी त्यांना लागली. ती लोकांच्या गळी उतरेना. मग माणूस विचार करताना कुठे कुठे फसतो यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. त्या लिखाणाभोवती आणि त्या संस्थेभोवती जमलेल्या मंडळींमधून २०१२ मध्ये हे प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. ॲना सॅलमन, ज्युलिया गेलेफ ही त्याच्या संस्थापकांमधली नावं. आणि डिसेंबर २०१६ मध्ये सॅलमन यांनी उघडपणे जाहीर केलं की इथून पुढे केंद्राचा मुख्य भर मानवजातीच्या अस्तित्वावरचे धोके, त्यातही कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरक्षितता, यावर राहील.

हे त्यांनी लपवून ठेवलं नाही, याबद्दल मला आदर वाटतो. पण क्रम लक्षात घे. आधी काळजी आली, मग वर्ग निघाला. कोऱ्या पाटीवर जगातले सगळे प्रश्न मांडले, एकेक तपासला आणि शेवटी हा उरला, असं घडलेलं नाही. क्षयरोगाच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक वापरायला शिकवण्याचा वर्ग काढला म्हणून क्षय खोटा ठरत नाही. सूक्ष्मदर्शकही खरा असतो. पण त्या वर्गातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला क्षय हाच सर्वांत मोठा रोग वाटू लागला, तर त्या एकमताला स्वतंत्र साक्ष म्हणता येत नाही. तुझ्याबरोबर बसलेल्या बहुतेकांचं मत एक होतं, याचं वजन तू जरा जास्तच धरलं आहेस. ती माणसं तिथे का आली होती, कोणाच्या ओळखीने आली होती, हेही त्यात धर. या केंद्राच्या कार्यशाळेची फी बरीच वर्षं ३,९०० डॉलर होती. काहींना सवलत मिळायची हे खरं, तरीही कोण त्या खोलीत पोचतं आणि कोण पोचत नाही, ते त्यावरून कळतं.

आता त्यांची पद्धत. ती मूळची या वर्गांची नाही, शेजारच्या घरातून आलेली आहे. २००७ मध्ये हेज फंडात (बड्यांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत) काम करणाऱ्या दोन तरुणांनी धर्मादाय संस्थांचं काम तपासणारी ‘गिव्हवेल’ काढली, कारण आपण दिलेल्या पैशाने नेमकं काय होतं हे कोणतीही धर्मादाय संस्था त्यांना धड सांगेना. २०११ मध्ये ऑक्सफर्डला ‘एटी थाउजंड अवर्स’ निघाली. हे ऐंशी हजार तास म्हणजे एका माणसाची नोकरीची उमर: आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे, ४० वर्षं. एवढे तास कुठे घालावेत याचा सल्ला ती देते. या सगळ्यांची मंडळी, पैसा आणि वाचन एकमेकांत मिसळलेलं आहे, आणि प्रश्न निवडताना ती तीन गोष्टी विचारतात. प्रश्न किती मोठा आहे? त्याच्याकडे आधीच किती जण बघताहेत, म्हणजे तो किती दुर्लक्षित आहे? आणि जोर लावला तर तो किती हलेल? तिन्हींचा गुणाकार करायचा. जिथे गुणाकार मोठा, तिथे पुढचा रुपया टाकायचा. ‘पुढचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कॅन्सर हा भयंकर रोग आहे, पण तिथे आधीच हजारो कोटी आहेत, तर तुझ्या आठ हजारांनी तिथे काय फरक पडेल, एवढाच प्रश्न.

ही पद्धत मला वीस वर्षांपूर्वी कळायला हवी होती. निवृत्तीनंतर मी एका धर्मादाय ट्रस्टच्या अनुदान समितीवर होते. एका बैठकीत दोन अर्ज समोर आले. एका रुग्णालयाला डायलिसिसचं मशीन हवं होतं. एका आश्रमशाळेला मुलींसाठी रक्ताची तपासणी आणि वर्षभराच्या लोहाच्या गोळ्या हव्या होत्या, आणि ती रक्कम मशीनच्या विसाव्या हिश्श्यालाही पोचत नव्हती. मशीनवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागणार होती. आम्ही मशीन दिलं आणि गोळ्यांचा अर्ज ‘पुढील वर्षी विचार करू’ म्हणून बाजूला ठेवला. हात वर करणाऱ्यांत मीही होते. वर्षाने पाहणीला गेले तर मशीनवर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं, चालवणारा तंत्रज्ञच नेमलेला नव्हता. त्या मुलींच्या चेहऱ्यांचा फिकटपणा मला अजून दिसतो. कुणी त्या दिवशी टेबलावर हात ठेवून ‘पुढच्या रुपयाचं काय होईल?’ एवढं विचारलं असतं, तरी चित्र वेगळं असतं. म्हणून या पद्धतीची कुणी टिंगल केली तर मला राग येतो. अप्पांनाही माझं हे सांग.

ही पद्धत जिथे खरोखर चालते ते उदाहरण उदयपूर जिल्ह्यातलं आहे. तिथल्या १३४ गावांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर लसीकरणाचा प्रयोग केला. (बॅनर्जींच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, मुंबईच्या मराठी घरातल्या. अर्थशास्त्राचं नोबेल २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हा आपल्याकडे हे बरंच छापून आलं होतं.) काही गावांत काहीच नवीन केलं नाही. काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता लसीकरणाचं शिबिर भरवलं. आणि काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे आईच्या हातात एक किलो डाळ दिली, सगळ्या लसी पुऱ्या झाल्यावर जेवणाची ताटं. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. आणि यातला माझा आवडता भाग असा: डाळ देऊन एका मुलामागचा खर्च वाढला नाही, तो निम्म्यावर आला. कारण नर्स दिवसभर तिथे बसणारच होती, तिचा पगार, गाडी, बर्फाची पेटी हे सगळं ठरलेलंच. पाच मुलं आली तरी तेवढंच आणि पंधरा आली तरी तेवढंच.

इथे प्रत्येक आकडा कुणीतरी गावात जाऊन, मुलं मोजून आणलेला आहे. मैत्रेयी, हे घट्ट धरून ठेव, कारण आता आपण दुसऱ्या टोकाला जातोय.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २०२० मध्ये ‘द प्रेसिपिस’ या पुस्तकात येत्या शंभर वर्षांतल्या अस्तित्वाच्या धोक्यांचे अंदाज दिले. लघुग्रह आदळण्याचा धोका दहा लाखांत एक. अणुयुद्ध हजारात एक. मुद्दाम घडवलेल्या रोगाची साथ तिसांत एक. कृत्रिम बुद्धिमत्ता दहांत एक. तुझ्या कार्यशाळेत हाच तक्ता किंवा याचा भाऊबंद दाखवला असणार. तो एका अभ्यासू माणसाचा प्रामाणिक अंदाज आहे, आणि आकडे तिपटीने इकडे-तिकडे असू शकतात हेही ऑर्ड यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पण लघुग्रहाचा आकडा खडकांच्या मोजणीतून आलेला आहे, आणि दहांत एक हा विचार करून काढलेला. तक्त्यात दोन्ही एकाच टाइपात, एकाखाली एक छापले की डोळा तो फरक विसरतो. डाळीच्या गावातल्या ३९ ची आणि या दहांत एकची जात एक नाही.

याहून मोठी गोष्ट गुणाकारात आहे. समज, तुझ्या पैशाने सगळी मानवजात संपण्याची शक्यता फक्त कोटीत एक, म्हणजे एक कोटीव्या हिश्श्याएवढी, कमी झाली. जगात आज ८०० कोटींहून जास्त माणसं आहेत, म्हणजे हिशेबाने सुमारे ८०० जीव वाचले. मच्छरदाण्यांवर गिव्हवेलच्या हिशेबात एका जिवाला काही हजार डॉलर पडतात, तेव्हा हे आधीच भारी दिसतं. आता जन्माला न आलेली माणसं धर. पुढच्या नुसत्या हजार पिढ्या धरल्या तरी ८०० चे आठ लाख झाले. यापुढे मच्छरदाणी, डाळ, लोहाची गोळी, तुझ्या चार मुली, कुणीच टिकत नाही. आणि तो एक कोटीवा हिस्सा आला कुठून? कुणीतरी ‘एवढा तरी असेलच’ म्हणालं म्हणून. तिथे एक हजार कोटीवा हिस्सा लिहिला असता, तर सगळं हजारपट खाली आलं असतं, आणि दोन्हींतलं खरं कोणतं हे तपासायचं साधन आज कुणाकडे नाही.

मी बँकेतली, म्हणून मला याची दुसरी बाजूही दिसते. २००४ मध्ये कोपनहेगनला ब्यॉर्न लोम्बोर्ग यांनी आठ नामवंत अर्थतज्ज्ञांना बसवून हाच खेळ मांडला होता: जगाच्या भल्यासाठी पैसा आहे, तो आधी कुठे घालाल? त्यांनी एड्सचं नियंत्रण सर्वांत वर ठेवलं आणि हवामानबदलावरच्या योजना पार तळाशी टाकल्या. २००८ च्या फेरीत मुलांना जीवनसत्त्व अ आणि जस्त देणं पहिलं आलं. हवामान तळाला जाण्यामागे एक मोठं कारण व्याजाचा दर हे होतं. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ५ टक्के दराने काढ. जेमतेम ७६ पैसे येते. म्हणजे या रीतीने आपल्या नातवंडांची नातवंडं पैशांत मोजली जातात. ऑर्ड आणि त्यांच्या विचाराची मंडळी म्हणतात की माणूस उशिरा जन्मला म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, दर शून्य धरा. आणि मग भविष्य एवढं फुगतं की वर्तमान दिसेनासं होतं. दोन्हीकडे हुशार माणसं आहेत, दोन्हीकडचा गुणाकार बरोबर आहे. फरक पहिल्या पानावरच्या एका ओळीत आहे, आणि ती ओळ गणिताने ठरत नाही. न जन्मलेल्याचं आपण किती देणं लागतो, हे तुझं तुला ठरवायचं आहे. मला विचारशील तर, दर शून्य धरायला माझं मन तयार होतं. पण ज्या धोक्याचा आकडा कुणाला मोजता येत नाही, त्याच्यापुढे हजार पिढ्या लावायला ते तयार होत नाही.

पैशाबद्दलही बोलायला हवं. या क्षेत्रातला मोठा पैसा फार थोड्या हातांतून आलेला आहे. फेसबुकचे एक संस्थापक डस्टिन मॉस्कोवित्झ आणि त्यांच्या पत्नी कॅरी टुना यांचा त्यात मोठा वाटा. दुसरा मोठा झरा होता सॅम बँकमन-फ्रीड यांच्या एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचा. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे अनुदान घेतलं होतं त्यांच्यावर मी डाग लावत नाही. मला दिसतं ते एवढंच की दोन-चार घरांच्या पैशावर जेव्हा अख्खं क्षेत्र चालतं, तेव्हा त्या घरांना जे महत्त्वाचं वाटतं ते महत्त्वाचं ठरण्याकडे कल राहतो. आमच्या ट्रस्टमध्ये नावाची पाटी लागायची म्हणून मशीन आलं. तिथे पाटी लागत नसेल, पण ओढ तीच.

आता अप्पांच्या बाजूने बोलत गेले असं तुला वाटेल, म्हणून हेही लिहिते. ही भीती म्हणजे यंत्राचं भूत नव्हे. मे २०२३ मध्ये एका वाक्याचं निवेदन निघालं: कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महासाथ आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने जगाचं प्राधान्य असावं. त्यावर जेफ्री हिंटन यांची सही आहे. आजची यंत्रं ज्या तंत्रावर शिकतात त्याच्या पायाभरणीसाठी त्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या आहेत. घर बांधणारा गवंडीच भिंतीला तडा आहे म्हणत असेल तर तिथून हसत निघून जाणं बरं नाही. मात्र याचा आणखी एक परिणाम झाला. २०१६ मध्ये सॅलमन यांनी दिशा जाहीर केली तेव्हा या प्रश्नाकडे मूठभर लोक बघत होते. ‘दुर्लक्षित’ या रकान्यात त्याला भरघोस गुण मिळत, आणि ते रास्त होते. आता सरकारं परिषदा भरवतात, कंपन्या त्यासाठी विभाग चालवतात. ‘एटी थाउजंड अवर्स’ने तर २०२५ मध्ये आपला मुख्य भर याच प्रश्नावर आणला. म्हणजे तो रकाना दरवर्षी नव्याने भरायला हवा. तुझ्या कार्यशाळेत तो कोणत्या सालचा होता, हे विचारलं होतंस का?

तिसरा रकाना, म्हणजे प्रश्न किती हलेल, याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, आणि त्यासाठी गडचिरोलीला जावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे १९८६ पासून आहेत. त्यांच्याकडे एकदा एक आई अगदी शेवटच्या घटकेला बाळ घेऊन आली, आणि बाळ त्यांच्यासमोरच गेलं. हे मूल का गेलं याचा डॉक्टरांनी विचार केला तेव्हा एकामागून एक अठरा कारणं निघाली: गरिबी, आईचं कुपोषण, मांत्रिक, दूरचा दवाखाना, पावसाळ्यात तुटलेला रस्ता, आणखी कितीतरी. अठरा कारणं ऐकली की माणूस हात टेकतो. यातलं सर्वांत मोठं कोणतं हे विचारलं असतं तर उत्तर गरिबी आलं असतं, आणि गरिबी हटेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. ही साखळी आहे, तर तिची कोणती कडी माझ्या हातांनी तुटेल? आधी न्यूमोनिया, मग नवजात बाळांची घरच्या घरी काळजी. गावातल्याच बाईला शिकवलं, तिने बाळाचे श्वास मोजायचे, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळासाठी घरोघरी जातात त्याचं मूळ तिथे आहे.

ही कडी ऑक्सफर्डमध्ये बसून कुणाला दिसली नसती. तिथल्या लोकांच्या बुद्धीत काही कमी आहे म्हणून नव्हे. शिकलेल्या डॉक्टरशिवाय नवजात बाळाला इंजेक्शन देता येणार नाही, हे लांबून पाहणाऱ्याला उघड सत्य वाटतं. गावातली कमी शिकलेली बाई ते बिनचूक करू शकते हे तिच्या शेजारी वर्षभर बसल्यावरच कळतं. प्रश्न किती मोठा हे लांबून मोजता येतं, त्याच्याकडे किती जण बघताहेत हेही थोडंफार येतं. तो हलेल का, हे मात्र ज्याचा हात त्याला लागलेला असतो त्याला कळतं.

आणि हे दोन रस्ते एकमेकांचे वैरी आहेत असंही मानू नकोस. ज्या विचारातून तुझी कार्यशाळा निघाली, त्याच्याच एका फांदीवर ‘फोर्टिफाय हेल्थ’ ही संस्था आहे. ती आपल्या महाराष्ट्रातल्या पीठगिरण्यांबरोबर कणकेत लोह मिसळण्याचं काम करते. ‘सुविता’ ही तशीच, बाळाच्या लशीची तारीख आली की महाराष्ट्रातल्या आणि बिहारमधल्या पालकांना मोबाइलवर निरोप पाठवणारी. त्याच तीन प्रश्नांचं उत्तर कुणाला बर्कलीत सापडलं, कुणाला पीठगिरणीत.

आता तू काय करावंस.

पहिली गोष्ट, चार दिवस हुशार माणसांच्या संगतीत, घरापासून दूर, रात्री उशिरापर्यंत बोलत जे पटतं ते खरंही असेल, पण त्याला निवायला वेळ दे. सहा महिने पैशाचा कोणताच मोठा निर्णय बदलू नकोस.

त्या चार मुलींचं मी कोणत्याच गुणाकारात घालणार नाही. तू त्यांना शब्द दिला आहेस आणि त्या शब्दावर त्यांनी कॉलेजात नाव घातलंय. बँकेत मंजूर झालेलं कर्ज अर्ध्यावर थांबवलं की प्रकल्पाचं जे होतं ते मी पाहिलंय: आधी दिलेला पैसाही वाया जातो. शेवटची मुलगी पदवीधर होईपर्यंत हे आठ हजार बांधलेले आहेत असं समज. त्यानंतर पाचवी मुलगी घ्यायची की दुसरं काही, हा नवा निर्णय, तो मोकळ्या मनाने कर.

यंत्राच्या धोक्याची काळजी तुला खरोखर वाटते, हे पत्रातून कळतं. तर तिथे आठ हजार रुपये देऊन काय होणार? मोठ्या धनिकांच्या क्षेत्रात तुझा रुपया हरवून जाईल. पण तू सिक्युरिटीतली आहेस. यंत्रणा कुठून फोडता येईल हे शोधण्यात तुझे दिवस जातात, आणि या यंत्रांना नेमकी तशाच नजरेची गरज आहे. तुझ्या ऐंशी हजार तासांतले काही तिकडे दे. आठवड्याला एक संध्याकाळ शिकण्यापासून सुरुवात कर. वर्षभराने मन तिथेच ओढत असेल तर नोकरी बदलण्याचा विचार कर, आणि तेव्हा मला परत लिही. पैसा गावात आणि कसब तिकडे, असं वाटून घेतलंस तर अप्पांशी भांडणाचं कारणच उरत नाही.

आणि अप्पांशी बोल. मतभेद असले की दोघांनी मिळून ती एक गोष्ट शोधायची, जी वेगळी निघाली तर आपलं मत बदलेल, हा सराव त्या कार्यशाळेत करून घेतला असेल. तो बंगळुरूच्या मित्रांबरोबर करण्यापेक्षा अप्पांबरोबर कर. मात्र सुरुवात यंत्रापासून करू नकोस, बागेपासून कर. २०१६ चा एप्रिल, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती ते दिवस. टँकर मोजके आणि बाग तीन एकर. त्यांनी जगवलेला तो एक एकर कोणता होता? बहुधा सगळ्यात जास्त सुकलेला नसणार, आणि सगळ्यात जास्त घड देणाराही नसेल. खरड छाटणीनंतर जिथे थोड्या पाण्यावर काडी तयार होईल असं त्यांना वाटलं, तो असेल. किंवा वेगळंच काही असेल, बोअरच्या जवळचा, किंवा आजोबांनी लावलेला. मला ठाऊक नाही, तुलाही नसेल. त्यांना विचार की त्या रात्री तुम्ही कसं ठरवलंत, आणि वही घेऊन बस. सोडलेल्या दोन एकरांबद्दलही विचार, ते सांगतील तितकंच.

ते ऐकून झाल्यावर त्या तीन रकान्यांत तुझे स्वतःचे आकडे भर, कार्यशाळेचे कागद बंद ठेवून. ‘जन्माला न आलेली माणसं’ ही ओळ पहिल्या पानावर स्वतंत्र लिही आणि तिच्यापुढे तू किती धरलंस ते स्पष्ट मांड. मग कार्यशाळेचे कागद उघड.

आणि नव्या वर्षाचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. मुलींची फी वेळेवर जाऊ दे.

तुझी,
ताई